तार घरी द्या

गोरखपूर, जबलपूर
१३ एप्रिल २०२५

आत्याआजी,

फोनवर तू "बरी आहे, बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. बंडूकाका म्हणाले, काही विचारायचं असेल तर पत्र लिही, पत्राला आई उत्तर देते. म्हणून हे पत्र.

इथल्या मंडळाची स्मरणिका निघते आहे. लढाईच्या काळात घरं चालवणाऱ्या बायकांवर लेख हवे आहेत. तुमची पणजी इथल्याच घमापूरची, तुम्हीच लिहा, असं संपादक म्हणाले. मी हो म्हटलं. लिहायला बसले तेव्हा कळलं की मला तिच्याविषयी एकच गोष्ट माहीत आहे. पितृपक्षात अविधवा नवमीला आपल्याकडे तिच्या नावाने सवाष्ण जेवते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा तो दिवस. पणजोबा ब्रह्मदेशच्या लढाईतून आले नाहीत, पण गेल्याचंही कधी कळलं नाही, म्हणून ती सवाष्ण, असं बाबा सांगायचे.

मागच्या आठवड्यात मी रंगूनच्या युद्धस्मारकाचे फोटो पाहत होते. एका खांबावर पणजोबांचं नाव आहे. गणपत पांढरीपांडे. पलटणीचंही नाव आहे. या आडनावाचा दुसरा माणूस त्या पलटणीत असेल असं वाटत नाही. दगडात नाव कोरलं गेलं, म्हणजे घरी कुणीतरी कळवलं असणार. कुणाला कळवलं?

इकडे ठीक. अभिराम सीमेवर आहे, कुठे ते सांगत नाही. रविवारी फोन करतो. घरात सासूबाई आणि मी. वरच्या खोल्यांत मनीषा राहते. तिचा नवरा गौतम अभिरामच्याच तुकडीत आहे. अभिरामनेच तिला ही जागा दिली. ती आली की घरात आवाज होतो, नाहीतर आम्ही दोघी कमी बोलतो.

दुर्वा


नागपूर
१९ एप्रिल

दुर्वा,

तुझं पाकीट बंडूने आधी उजेडाकडे धरून पाहिलं, मग मला दिलं. साठ वर्षांचा झाला. फोन त्याच्या खोलीत असतो. मी फोनवर काही बोलले की संध्याकाळी सून तेच मला परत सांगते. म्हणून मी फोनवर बरी असते.

तू विचारलंस ते इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही.

आम्ही घमापूरला दोन खोल्यांत राहत होतो. बाबा पलटणीत गेले तेव्हा तुझा आजोबा दिवाकर पोटात होता. घरात आजोबा होते, त्यांना दिसत नव्हतं. आजी होती, म्हणजे बाबांची आई. नाव भागीरथी. मी होते. बाबांचे पैसे काही महिने आले, मग कधी आले, कधी नाही. माझी आई द्वारका लग्नघरी स्वयंपाकाला जाऊ लागली. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण. कारखान्यांमुळे तेव्हा नागपूर-वर्ध्याकडची पुष्कळ माणसं जबलपूरला आली होती आणि त्यांच्या बायकांना तिथे कुणी नव्हतं. आई पुरण शिजवायची. येताना तांदूळ, गूळ, उरलेल्या पोळ्या आणायची. त्यावर आम्ही जगलो. यात शौर्य काही नव्हतं. ती थकायची आणि चिडायची.

पण एक गोष्ट समजून घे. मंगलकार्यात चुलीशी सवाष्णच लागते. विधवेला त्या काळी मांडवात उभं करत नसत. आईच्या कपाळावर कुंकू होतं तोवर आमच्या घरात तांदूळ होता.

तार आली. मी सात वर्षांची होते. ती आजीच्या हातात होती. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या दिवसांत तार कशाची येते हे सगळ्यांना माहीत होतं. आजीने ती चुलीत घातली. वर लाकूड लोटलं. मग मला म्हणाली, "तू काही पाह्यलं काय?" मी म्हटलं, नाही. "बरं केलं," म्हणाली.

आई संध्याकाळी आली. आजीने तिला हातपाय धुवायला पाणी दिलं.

हे छापू नकोस.

इंदिरा आत्या


जबलपूर
३ मे

आत्याआजी,

तुझं पत्र बॅगेत घेऊन मी बँकेत जाते. तिथे काढून वाचते, परत ठेवते.

रविवारी घमापूरला गेले होते. तुमची गल्ली सापडली असं मला वाटतं. तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. एका म्हाताऱ्या माणसाला विचारलं, इथे मराठी लोक राहायचे का. तो म्हणाला, "बहनजी, यहाँ तो सब रहते थे." मी परत आले.

मी सारखी एकच कल्पना करते. पणजी दारातून आत येते. सासू पाणी देते. पणजी पाय धुते. तिच्या पाठीमागे चूल पेटलेली आहे. आणि तिला काही माहीत नाही. मग ती कुंकू लावते, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावते. तिला कधी कळलं? कुणी सांगितलं? म्हातारपणी तरी?

पेपरात काय चाललंय ते तू वाचतेसच. सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. परवा अभिरामचा फोन आला. काही दिवस फोन येणार नाही, म्हणाला. बातम्या बघू नका. सासूबाईंनी विचारलं, "काही दिवस म्हणजे किती?" तो म्हणाला, "आई, कूलर लावला का?"

कूलर लावला. तरी उकाडा फार आहे. माझी मान घामोळ्यांनी भरली, मंगळसूत्र काढून डबीत ठेवलं आहे. इथे सायरन वाजवून पाहणार आहेत, दिवे घालवायची तालीम होणार आहे म्हणतात. मनीषाने खिडक्यांना लावायला काळा कागद आणला आणि सगळा स्वतःच वापरला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यावर बॉम्ब पडू दे."

तेवढंच हसलो.

दुर्वा


नागपूर
७ मे

दुर्वा,

आज सकाळपासून टीव्ही चालू आहे. बंडूने तीन बॅटऱ्या आणल्या, एकही लागत नाही. बटाटे आणले, ते मात्र बरे आहेत.

तू विचारलंस त्याचं उत्तर. आईला कळलं नाही. कधीच नाही. आजी एक्कावन्न साली गेली, ते पोटात घेऊन गेली. आई अडुसष्ट साली गेली. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून नेली. सुखाने गेली. कुणाचंही काही बिघडलं नाही.

आता हा विषय पुरे. लेखात लिही की द्वारकाबाईंच्या हातच्या पुरणपोळीची जबलपुरात कीर्ती होती. ते खोटं नाही.

अभिरामचा फोन आला की बंडूला कळव. तो मला सांगेलच, त्याला राहवत नाही.

इंदिरा आत्या


जबलपूर
१३ मे

आत्याआजी,

गोळीबार थांबला म्हणतात. शनिवारी संध्याकाळी बातमी आली तेव्हा गल्लीत फटाके वाजले. समोरच्या मिश्राजींच्या मुलाचा रविवारी फोन आला, त्यांनी पेढे वाटले. गौतमचा काल आला. मनीषा जिन्यातून ओरडतच खाली आली. मिनिटभर बोलला, म्हणाली. अभिरामविषयी काही बोलला का, मी विचारलं. तर म्हणाली, "नाही दीदी, फक्त म्हणाला की तो दुसऱ्या ठिकाणी आहे."

अभिरामचा फोन नाही.

मी जे लिहिते आहे ते तुलाच लिहिते आहे. सासूबाईंना अभिरामचं काही कळलं आहे. मला खात्री वाटते.

रोज सकाळी मी बँकेत निघाले की त्या करंडा घेऊन दारात येतात आणि माझ्या कपाळाला कुंकू लावतात. लग्नाला चार वर्षं झाली, आजवर कधी नाही. मी टिकली लावली काय, नाही लावली काय, त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. आता बोट दाबून लावतात. संध्याकाळी मी आले की आधी कपाळाकडे बघतात. त्यांना फोन येतो, त्या खोलीत जाऊन दार लावतात. मी जवळून गेले की आवाज थांबतो. टीव्ही त्यांनी बंद करून ठेवला आहे. आणि माझ्याशी फार चांगलं वागतात. काल माझ्या ताटात साय वाढली. ती त्या अभिरामसाठी ठेवायच्या.

त्या बाहेर येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही नसतं. काहीच नसतं. तुझ्या आजीच्या चेहऱ्यावर तसंच असेल.

तू लिहिलंस की पणजीला कधीच कळलं नाही. सुखाने गेली. मला ते वाक्य सुटत नाही. इतकी वर्षं एखाद्या बाईला न कळता राहू शकतं, घरात दुसरी बाई असली तर. मी आता त्या घरात आहे असं वाटतं. मी रोज कपाळ पुढे करते.

मी विचारत नाही. विचारलं नाही तोवर काही झालेलं नाही. पण पायऱ्यांवर कुणाचं पाऊल वाजलं की माझ्या हातातलं खाली पडतं. बँकेत नोटा मोजताना दोनदा चुकले.

दुर्वा


नागपूर
१६ मे

दुर्वा,

मी तुला खोटं लिहिलं. तुझा नवरा तिकडे आहे, पोरीला कशाला घाबरवायचं, असं वाटलं. त्याने तू जास्त घाबरलीस. आता खरं लिहिते आणि बंडूला स्पीड पोस्टला पाठवते.

माझ्या आईला माहीत होतं. आजीच्या आधी माहीत होतं.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर लग्नघरी होते. कांचघर मोहल्ल्यात, रेल्वेतल्या एका माणसाच्या मुलीचं लग्न. तार आईच्या नावाची होती. तारवाला आधी आमच्या घरी गेला असेल, कुणी सांगितलं असेल द्वारकाबाई कुठे आहेत, तो तिथे आला. मागच्या दाराशी, चुलीपाशी. आईचे हात पुरणाने भरले होते. ती म्हणाली, "वाचा." त्याने इंग्रजी वाचलं, मग हिंदीत सांगितलं. आई उभीच होती. पुरण खाली लागत होतं, तिने ते आधी हलवलं. मग म्हणाली, "भैया, ही तार घरी द्या. माझ्या सासूच्या हातात द्या. मी तुम्हाला भेटलीच नाही."

तो गेला. ती मला म्हणाली, "जा, आजीजवळ बस." मी धावत घरी आले. म्हणून चुलीपाशी मी होते.

ती तार तिने आजीकडे का पाठवली हे मी पुष्कळ वर्षं विचार करून पाहिलं. मुलगा त्यांचा होता. रडायचं की तांदूळ आणायचा हे त्यांनी ठरवावं असं तिला वाटलं असेल. आजीने ठरवलं. आईने पाय धुतले.

तिला माहीत आहे हे मला विसरणं शक्य नव्हतं, कारण त्या दिवसानंतर तिने घाण्याला हात लावला नाही. लग्नाआधी सवाष्णी मुसळाला आंब्याची पानं बांधून हळद कांडतात, तो घाणा. पहिला हात तिला द्यायचे. ती म्हणायची, "चुलीवर दूध आहे, तुम्ही करा." नवरीला हळद लावायची वेळ आली की तिचे हात ओले असायचे. कपाळावर कुंकू ठेवून ती मांडवात जायची आणि कुठल्याही नवरीला शिवायची नाही. पुढे बारा वर्षांनी गुरुजी आले. बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांचा देह करून दहन करतात, ते करा म्हणाले. ती म्हणाली, "घाई काय आहे?"

दोघी एका चुलीवर रांधत होत्या. आजी तिच्यापासून लपवत होती आणि ती आजीपासून. दोघी एकमेकींना भ्यायच्या. आजी आईच्या पाठीमागे यायची तेव्हा आई दचकायची. आईने रात्री कूस बदलली तरी आजी उठून बसायची. मी मध्ये झोपायचे. आमच्या घरात सात वर्षं कुणी मोठ्याने रडलं नाही. हे तू घर चालवणं म्हणतेस. चाललं खरं.

आजी गेली त्या दिवशी आई रडली. इतकी की शेजारणी म्हणाल्या, सासूसाठी एवढं कुणी रडत नाही.

तू विचार. पत्र मिळेल त्याच दिवशी.

इंदिरा आत्या


जबलपूर
२२ मे

आत्याआजी,

पत्र सोमवारी दुपारी आलं. मी रजा टाकली होती. सासूबाई ओट्यापाशी कैऱ्या चिरत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आई, फोन कुणाचा येतो?"

"कोणता फोन?"

"दार लावून बोलता तो."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "माझ्या बहिणीचा. तुझ्याबद्दलच बोलून राहिली होती मी. तुझ्यासमोर कशी बोलू?"

"माझ्याबद्दल काय?"

"अच्छा. म्हणजे मीच तोंड उघडू." त्यांनी पदराला हात पुसले. "तू मंगळसूत्र काढलं. मला दिसत नाही काय? महिना होत आला, गळा रिकामा. मला वाटलं, पोरीला बँकेत कोणी सांगितलं. माझ्या छातीत स्प्रिंग बसवलेली, म्हणून मला सांगत नाही, एकटीच गिळून राहिली. मी म्हटलं, चलो, आपण तिला कुंकू लावू. पुसलं तर समजायचं. तू रोज तसंच घेऊन परत येत होती."

"आई, मला घामोळं आलं होतं."

"घामोळं?"

मी मान दाखवली. त्यांनी जवळ येऊन, चष्मा वर करून पाहिलं. आणि त्या हसायला लागल्या. मीही. ओट्याला धरून हसलो. मग त्या एकदम थांबल्या.

"म्हणजे तुला काहीच माहीत नाही?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

तो दिवस सगळ्यात वाईट होता, आत्याआजी. त्याआधी मला वाटत होतं की घरात एका माणसाला तरी माहीत आहे. ती भीती होती, पण तिला जागा होती, बंद दाराच्या मागे. आता कुठल्याच दारामागे काही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "आता जिला आधी कळेल तिने दुसरीला सांगायचं. माझी छाती फुटो का काही होवो." मी म्हटलं, हो. फोन आम्ही ओट्यावर मधोमध ठेवला.

मंगळवारी सकाळी तो वाजला. अनोळखी नंबर. सासूबाईंनी उचलला, स्पीकर लावला, मला हाक मारली.

अभिराम होता. "मी ठीक आहे," म्हणाला.

"खरं बोल," सासूबाई म्हणाल्या.

"खरंच ठीक आहे."

"मग आवाज असा काहून?"

वारा ऐकू येत होता. मग म्हणाला, "गौतम गेला. आज सकाळी. सुरुंग काढत होते. मनीषाला सांगू नका. साहेब लोक घरी येतील, तेच सांगतील, तसा नियम आहे. मी फोन करायलाच नको होता." आणि लाइन बंद झाली.

मला आधी आनंद झाला. तो पूर्ण होता, पायापासून डोक्यापर्यंत. त्यानंतर वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली.

ती खाली आली. केस ओले होते. "फोन आला ना? मला वर ऐकू आलं. आमच्या साहेबांचं काही बोलले?"

"लाइन कट झाली, बेटा," सासूबाई म्हणाल्या.

"चला, तुमचा तर आला. आमचावाला उद्या करेल. तो नेहमीचाच लेट. लग्नात गुरुजी विचारून राहिले होते, नवरदेव कुठे? तर हे शिवनीला पंक्चर काढून राहिले." ती पाट ओढून बसली आणि उरलेल्या कैऱ्या चिरायला घेतल्या. "दीदी, किती मोठ्या फोडी करता तुम्ही. लोणचं करता का भाजी?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या मिठाच्या बरणीचं झाकण लावत होत्या, काढत होत्या, लावत होत्या. साहेब लोक कधी येणार हे आम्हाला माहीत नव्हतं. दुपार, संध्याकाळ. तोवर ती आमच्यासमोर बसून कैऱ्या चिरणार होती. तोवर गौतम लेट होता. मला वाटलं, राहू दे. अजून एक तास तिला असू दे. तुझ्या आजीलाही हेच वाटलं असेल, आणि मग एक तासाचा दुसरा तास झाला असेल. तेव्हा मला तुझ्या आजीची भीती वाटेनाशी झाली. माझी वाटायला लागली.

मनीषाने सुरी थांबवली. माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं.

"अभिराम भैयांचा फोन आला," ती म्हणाली. "मग तुम्ही दोघी हसून काहून नाही राहिल्या?"

सासूबाईंनी बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"दीदी?"

"दुर्वा," सासूबाई हळू म्हणाल्या. त्यांना मी थांबावं असं वाटत होतं.

"ती विचारते आहे, आई," मी म्हटलं.

आणि सांगितलं. अभिरामने सांगितलं तेवढंच, त्याच शब्दांत. तिने ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. तिने विचारलं, "कोणाकोणाला माहीत आहे?" मी म्हटलं, "आम्हा दोघींना. आता तुला." तिने हातातली फोड ताटात ठेवली आणि ओट्याखालच्या भिंतीला कपाळ टेकलं. तिचा आवाज मी तुला लिहून सांगू शकणार नाही. सासूबाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. त्या बसल्या.

गाडी दुपार कलल्यावर आली. तोवर मनीषा मोठ्याने रडून घेऊन, तोंड धुऊन, वर जाऊन साडी बदलून आली होती. मी उठत होते, तिने मला हाताने थांबवलं आणि दार स्वतः उघडलं. दोन अधिकारी होते, बरोबर एक बाई. त्यातल्या मोठ्याने टोपी काखेत घेतली, घसा साफ केला, तोंड उघडलं.

"मालूम है," मनीषा म्हणाली. "आप लोग धूप में मत खड़े रहिए. अंदर आइए."

दुर्वा